एक ऑफिस, चार पाट्या: फोन कोणासाठी आलाय हे उचलण्याआधी कळण्यासाठी काय करावं

सीए, वकील, आर्किटेक्ट आणि विम्याचं काम करणारा, चौघांत मिळून एक हॉल, एक मीटिंग रूम आणि रिसेप्शनला एक जण. पुण्या-ठाण्यात अशी वाटून घेतलेली ऑफिसं जागोजागी आहेत. भाडं वाटून घेता येतं, वायफाय वाटून घेता येतं, फोन वाटून घेताना मात्र गोंधळ होतो. बेल वाजते, रिसेप्शनवरून नुसतं "हॅलो" जातं, पलीकडचा विचारतो "कुठे लागला हा फोन?", आणि वकिलांचा पक्षकार दोन मिनिटं स्वतःची तारीख सीएच्या आर्टिकलला (शिकाऊ उमेदवाराला) सांगत बसतो.

कॉलर आयडी चालू करून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यातून फोन करणारा कोण ते कळतं. आपल्याला हवं असतं ते दुसरंच: त्याने कोणता नंबर फिरवला. फिरवलेल्या नंबरावरून ओळख पटत असेल तर फोन करणाऱ्याला काही विचारावं लागत नाही, काही दाबावं लागत नाही. आयव्हीआर ("अमुकसाठी एक दाबा" सांगणारी टेप), वेगवेगळ्या रिंगटोन, रिसेप्शनवरची वही हे सगळं त्यानंतरचं. म्हणून खालची सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे: प्रत्येक पाटीला स्वतःचा नंबर, आणि तो नंबर उचलणाऱ्याच्या स्क्रीनवर नावाच्या रूपात.

आधी लाइन कोणती आहे ते बघा

साधी तांब्याची लाइन किंवा फायबरच्या डब्यातून निघणारी साधी टेलिफोन वायर असेल, तर एक्सचेंजला (ऑफिसातलं कॉल वाटून देणारं यंत्र) एवढंच कळतं की अमुक जोडीवर बेल आली. फिरवलेला नंबर त्या वायरीतून येत नाही. अशा वेळी चार पाट्यांना चार लाइनीच लागतात.

पीआरआय, म्हणजे एकाच वायरीतून अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन, तिचं तसं नसतं. तिच्यात बोलण्याचे ३० चॅनेल असतात आणि कॉलबरोबर फिरवलेला नंबरही येतो. एसआयपी ट्रंकवरही (इंटरनेटच्या तंत्रावर चालणारी फोन लाइन) तेच, फक्त चॅनेल हवे तेवढे घेता येतात. या दोन्हींवर जे वेगवेगळे नंबर मिळतात त्यांना डीआयडी म्हणतात. चार-पाच जणांच्या ऑफिसला पीआरआय फार मोठी पडते. नवीन सुरुवात करायची असेल तर एसआयपी ट्रंकच घ्यावी, आणि ती परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच. परदेशातले स्वस्त इंटरनेट कॉल आपल्या एक्सचेंजमधून इथल्या फोन जाळ्यात उतरवून देतो म्हणणारा कोणी आला तर त्याला बाहेरच्या बाहेर कटवा. तो प्रकार बेकायदा आहे आणि चौकशी ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या दारात येते.

तिसरा मार्ग क्लाउड टेलिफोनीचा. ऑफिसात यंत्रच नाही, व्हर्च्युअल नंबर घ्यायचे, कॉल मोबाइलवर किंवा ॲपवर येतात. दोन-तीन माणसांच्या, सतत फिरतीवर असणाऱ्या ऑफिसला हे बरं. पण रिसेप्शनला टेबलावर फोन हवाच असेल आणि महिन्याचं बिल आटोक्यात ठेवायचं असेल, तर स्वतःचं छोटं एक्सचेंज परवडतं.

नंबर सढळ हाताने, चॅनेल मोजून

डीआयडी नंबर आणि चॅनेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि विक्री प्रतिनिधी त्या नेहमी एकत्र करून सांगतो. नंबर म्हणजे दारावरच्या पाट्या, चॅनेल म्हणजे एका वेळी किती जण आत येऊ शकतात. दहा नंबर आणि चार चॅनेल हा अगदी चालणारा हिशेब आहे. चारही पाट्यांना मिळून एका वेळी चारपेक्षा जास्त कॉल चालू राहणं तसं विरळाच.

एका गोष्टीसाठी मात्र चॅनेल जास्त धरावे लागतात. बाहेरून आलेला कॉल एक्सचेंजने पुन्हा बाहेर कोणाच्या मोबाइलवर पाठवला, की एका संभाषणाला दोन चॅनेल लागतात, एक येणारा आणि एक जाणारा. संध्याकाळनंतर सगळे कॉल मोबाइलवर वळणार असतील तर चारचे सहा करा.

इंटरनेटच्या वेगाची चिंता नको. जी.७११ या नेहमीच्या कोडेकला (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) एका कॉलमागे दोन्ही बाजूंना ९० केबीपीएसच्या आतबाहेर लागतं. सहा कॉल म्हणजे अर्ध्या एमबीपीएसहून थोडं जास्त. आवाज तुटतो तो वेग कमी म्हणून नाही, कोणीतरी त्याच वेळी नकाशांच्या जड फाइली अपलोड करत असतो म्हणून. राउटरवर फोनच्या ट्रॅफिकला प्राधान्य दिलं की भागतं.

कागदावरचा तक्ता

यंत्राला हात लावण्याआधी एक तक्ता करा: डीआयडी, पाटी, स्क्रीनवर दिसायचं आखूड नाव, आधी कुठे वाजणार, किती सेकंदांनी पुढे कुठे, ऑफिस बंद असताना कुठे, आणि उचलल्यावर काय म्हणायचं.

आखूड नाव तीन-चार अक्षरांचंच ठेवा आणि रोमन लिपीत ठेवा. साध्या डेस्कफोनच्या पडद्यावर देवनागरीचे चौकोन दिसण्याची शक्यता असते, आणि नाव लांबलं की मागचा फोन करणाऱ्याचा नंबर कापला जातो. "CA", "LAW", "ARCH", "INS" एवढं पुरे. "कुलकर्णी असोसिएट्स" आणि "कुलकर्णी कन्सल्टंट्स" अशी दोन नावं एकाच हॉलमध्ये असली तर आडनावावरून आखूड नाव करूच नका, कामावरून करा.

पाट्यांच्या चार नंबरांखेरीज पाचवा एक सामाईक नंबर घ्या. कुरियरवाला, पाण्याचे जार, लिफ्टचा मेकॅनिक, सोसायटीचा सेक्रेटरी यांना तोच द्यायचा. ही एवढी गर्दी बाजूला निघाली तरी उरलेल्या नंबरांवरची बेल कामाचीच असते.

एक्सचेंजमधली मांडणी

पुढचं वर्णन फ्रीपीबीएक्सला (संगणकावर चालणारं एक्सचेंजचं सॉफ्टवेअर) धरून आहे, कारण ते फुकट मिळतं आणि अ‍ॅस्टेरिस्कवर चालणाऱ्या बऱ्याच सिस्टिमचे मेनू त्याच्यासारखेच असतात. दुसरं काही वापरत असाल तर नावं बदलतील, क्रम तोच राहील.

आधी ट्रंक जोडा आणि बाकी काही न करता प्रत्येक डीआयडीवर एकेक कॉल करून बघा. कॉल कुठे जातो हे आत्ता महत्त्वाचं नाही. सीडीआर रिपोर्टमध्ये (प्रत्येक कॉलची नोंद) किंवा अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर फिरवलेला नंबर कोणत्या रूपात आलाय ते टिपून घ्या. काही कंपन्या अधिक चिन्हासह ९१ लावून पाठवतात, काही शून्य आणि एसटीडी कोडसह, काही नुसते शेवटचे आकडे. इनबाउंड रूटमध्ये (आलेला कॉल कुठे पाठवायचा तो नियम) नंबर अक्षरशः त्याच रूपात लिहावा लागतो. एक शून्य जास्त झालं तरी रूट जुळत नाही आणि कॉल "नंबर अस्तित्वात नाही" ऐकून परततो.

कधी कधी पाचही नंबरांवर केलेल्या कॉलमध्ये एकच मजकूर दिसतो, तुमच्या ट्रंकचं युजरनेम. युजरनेम-पासवर्डने नोंदणी होणाऱ्या ट्रंकवर हे सर्रास होतं. खरा फिरवलेला नंबर तेव्हा एसआयपी संदेशाच्या "टू" हेडरमध्ये बसलेला असतो आणि एक्सचेंज दुसऱ्याच ओळीत बघत असतं. फ्रीपीबीएक्समध्ये यासाठी तयार कॉन्टेक्स्ट आहे: ट्रंकच्या सेटिंगमध्ये "from-pstn" च्या जागी "from-pstn-toheader" लिहायचं. एवढ्या एका शब्दासाठी लोक दोन-दोन दिवस कंपनीच्या हेल्पलाइनवर संगीत ऐकत बसतात.

आता प्रत्येक डीआयडीसाठी एक इनबाउंड रूट करा. डीआयडीच्या रकान्यात टिपून घेतलेलं रूप, सीआयडी नेम प्रीफिक्समध्ये (फोन करणाऱ्याच्या नावाआधी लागणारा मजकूर) आखूड नाव आणि त्यापुढे एक अपूर्णविराम किंवा डॅश, अलर्ट इन्फोमध्ये बेलचं नाव (त्याबद्दल पुढे), आणि डेस्टिनेशनमध्ये त्या पाटीचा रिंग ग्रुप (कॉल आल्यावर वाजणाऱ्या फोनांचा गट). यानंतर स्क्रीनवर "LAW- " आणि पुढे फोन करणाऱ्याचा नंबर दिसायला लागतो. रिसेप्शनला उचलण्याआधी कळतं की "नमस्कार, वकिलांचं ऑफिस" म्हणायचं.

प्रीफिक्स नावाला लावायचा, नंबराला नाही. नंबराला लावला तर मिस्ड कॉलच्या यादीतून परत फोन करताना ती अक्षरंही डायल होतात आणि कॉल लागत नाही. आणि प्रीफिक्स एकाच ठिकाणी लिहा. रिंग ग्रुपमध्येही तसाच रकाना असतो. दोन्हीकडे लिहिलं की पडद्यावर नेमकं कोणतं दिसेल याचा गोंधळ होतो.

रिंग ग्रुप पाटीगणिक वेगळे हवेत, सगळे एकाच रिसेप्शनवर वाजत असले तरी. कारण बदल नेहमी एका पाटीपुरते येतात. जुलैत विवरणपत्रांची गर्दी झाली की सीएच्या ग्रुपमध्ये आर्टिकलच्या टेबलावरचे दोन फोन वाढवायचे, बाकी कोणाला हात लावायचा नाही. सर्वसाधारण क्रम असा ठेवा: २० सेकंद रिसेप्शन, मग संबंधित टेबल १५ सेकंद, मग मोबाइल. यापेक्षा लांबवलं तर माणूस कंटाळून ठेवतो.

वेळेच्या अटीही पाटीप्रमाणे लावा. वकील कोर्टातून दुपारनंतर येतात, आर्किटेक्ट शनिवारी साइटवर असतो. सगळ्यांना दहा ते सहाच्या एकाच चौकटीत बसवण्याचं काही कारण नाही.

व्हॉइसमेलवर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे माणूस "बीपनंतर निरोप ठेवा" ऐकतो आणि फोन ठेवतो; त्याच्या मते मिस्ड कॉल दिला म्हणजे निरोप दिलाच. त्यापेक्षा दर संध्याकाळी सीडीआरमधून न उचललेल्या कॉलची यादी डीआयडीप्रमाणे वेगळी काढून ज्याची त्याला पाठवायची पद्धत पाडा. वकिलाला सीएच्या अशिलांचे नंबर दिसायचंही काही कारण नाही.

स्क्रीनआधी बेल

रिसेप्शनवरची व्यक्ती कुरियरची सही घेत असते तेव्हा पडद्याकडे बघायला वेळ नसतो, कान मात्र मोकळे असतात. इनबाउंड रूटमधल्या अलर्ट इन्फोच्या रकान्यात जो शब्द लिहाल तो कॉलबरोबर फोनपर्यंत जातो. यीलिंकसारख्या फोनमध्ये डिस्टिंक्टिव्ह रिंगटोनच्या पानावर तोच शब्द लिहून त्यासमोर बेल निवडायची असते. दोन्हीकडचा शब्द अक्षरशः सारखा असला पाहिजे, लहान-मोठी अक्षरंसुद्धा. ग्रँडस्ट्रीममध्येही अशी जुळणी होते, पान वेगळं असतं.

पाच नंबरांना पाच बेली देण्याचा मोह टाळा. तीनपेक्षा जास्त सूर कोणाच्या लक्षात राहत नाहीत. जिथे चुकीच्या माणसाने उचलणं खरोखर महाग पडतं अशी एक पाटी निवडा, बहुधा वकील, तिला वेगळी ठळक बेल द्या. सामाईक नंबराला मंद बेल. बाकी सगळ्यांना नेहमीची.

फोनवर एक अकाउंट की चार?

वरची पद्धत एका अकाउंटवर चालते आणि कुठल्याही स्वस्त फोनला पुरते. दुसरी पद्धत अशी की एकाच डेस्कफोनवर चार एसआयपी अकाउंट नोंदवायचे, प्रत्येक पाटीचं एक. मग फोनच्या कडेला चार बटणं, प्रत्येकासमोर पाटीचं नाव, आणि ज्याचा कॉल त्याचा दिवा लुकलुकतो. यासाठी फोन तेवढी अकाउंटं घेणारा लागतो. यीलिंकचा टी३१पी दोनच घेतो, टी३३जी चार घेतो, टी४३यू बारा. खरेदी करताना "लाइन की" किती हे न बघता "एसआयपी अकाउंट" किती हे बघा, माहितीपत्रकात दोन्ही आकडे बघायला मिळतात.

चार अकाउंटचा खरा फायदा कॉल घेताना कमी आणि करताना जास्त आहे. वकिलांच्या वतीने पक्षकाराला फोन करायचा तर वकिलांचं बटण दाबून करायचा, त्याच्या मोबाइलवर वकिलांचाच नंबर उमटतो. म्हणून माझं मत: रिसेप्शनच्या फोनवर चार अकाउंट, बाकी टेबलांवर एकेक.

रिसेप्शनवरही एकच अकाउंट ठेवायचं असेल तर जाणाऱ्या कॉलसाठी कोड ठरवा. आउटबाउंड रूट (जाणाऱ्या कॉलचा नियम) पाटीमागे एक, डायल पॅटर्नच्या प्रीफिक्समध्ये तिचा दोन आकडी कोड, आणि रूट सीआयडीमध्ये तिचा डीआयडी. कोड फिरवून पुढे नंबर लावला की तो कोड गळून पडतो आणि कॉल त्या पाटीच्या नावाने जातो. कोड ११ ने सुरू होणारा घेऊ नका, ११२ हा आपत्कालीन नंबर त्यात अडकू शकतो.

इथेच आणखी एक खाच. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं. आलेला कॉल मात्र पडद्यावर नुसत्या दहा आकड्यांनी दिसू शकतो, आणि तिथूनच "डायल" दाबलं तर लागत नाही. सहा ते नऊने सुरू होणाऱ्या दहा आकडी नंबरांना शून्य आपोआप जोडणारा पॅटर्न आउटबाउंड रूटमध्ये टाका. काही ट्रंकना शून्याऐवजी ९१ लागतं, ते कंपनीला आधीच विचारा.

कॉल मोबाइलवर वळवताना

ऑफिसात नीट दिसणारी ओळख मोबाइलवर पोचेपर्यंत हरवते, कारण नेम प्रीफिक्स आपल्या एक्सचेंजच्या बाहेर जात नाही. शिवाय टेलिकॉम कंपन्या आपल्याला दुसऱ्याचा नंबर पुढे पाठवू देत नाहीत, स्वतःच्या ट्रंकवरचाच द्यावा लागतो. मोबाइलवर मग सरसकट ऑफिसचा मुख्य नंबर उमटतो.

याच बंधनाचा उपयोग करून घेता येतो. रिंग ग्रुपमध्ये आणि फॉलो मीमध्ये (टेबलावरचा कॉल मोबाइलवर पाठवणारी सोय) बाहेर दिसणाऱ्या सीआयडीची एक सेटिंग असते, तिच्यात "युज डायल्ड नंबर" निवडा. आता वळवलेल्या कॉलवर फिरवलेला डीआयडी दिसतो. प्रत्येकाने आपल्या मोबाइलमध्ये पाचही डीआयडी नावासह सेव्ह करायचे: "ऑफिस सीए", "ऑफिस सामाईक". दोन फर्म सांभाळणाऱ्या भागीदाराला खिशातून फोन काढतानाच कळतं की आत्ता कोणत्या नात्याने बोलायचंय. बदल्यात फोन करणाऱ्याचा नंबर तेवढा दिसत नाही, तो सीडीआरमध्ये बघावा लागतो.

त्याच पानावर "कन्फर्म कॉल्स" चालू करा आणि "रिमोट अनाउन्स" मध्ये स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं वाक्य द्या: "वकिलांच्या ऑफिसचा कॉल आहे, घेण्यासाठी एक दाबा." यामुळे ओळख कानावरही पडते, आणि मोबाइल बंद असताना कंपनीची टेप कॉल "उचलून" तुमच्या ग्राहकाला ऐकवत बसत नाही.

एक्सचेंज न घेता नुसत्या मोबाइलच्या कॉल फॉरवर्डिंगवर हे सगळं निभावायचा प्रयत्न काही जण करतात. दोन सिम एकाच फोनवर वळवले की आलेला कॉल कोणत्या सिमवरचा हे पडद्यावर खात्रीने कळत नाही. तिथे सांधा निखळतोच.

आयव्हीआर कधी

जुनी व्हिजिटिंग कार्डं बाजारात फिरत असतील आणि सगळ्यांवर एकच जुना नंबर असेल, तेव्हा. त्या नंबरापुरतीच "सीए साठी एक, वकिलांसाठी दोन" अशी पट्टी लावा, मराठीतून, दहा-बारा सेकंदांत संपणारी. काहीच न दाबणाऱ्याला पाच सेकंदांत रिसेप्शनकडे जाऊ द्या. वयस्कर माणसं काही दाबत नाहीत, वाट बघतात. आकडा दाबूनही काही होत नसेल तर ट्रंकचा डीटीएमएफ मोड (दाबलेले आकडे पोचवण्याची पद्धत) तपासा, बहुतेक वेळा तो आरएफसी ४७३३ (जुन्या मेनूत २८३३) ठेवला की चालू होतं.

लँडलाइन नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करायचं असेल तर ते व्हॉइस कॉलने कोड सांगतं. त्या नंबरावर आयव्हीआर असेल तर कोड तुमच्या टेपला ऐकवला जातो. तेवढ्यापुरता तो डीआयडी थेट एखाद्या टेबलावर वळवा.

जुना ईपीएबीएक्स (जुन्या पद्धतीचं ऑफिस एक्सचेंज) आहे, तोच ठेवायचाय

ठेवा. चार पाट्या, चार साध्या लाइनी, आणि रिसेप्शनला त्याच कंपनीचा की-फोन. त्यावर प्रत्येक लाइनीला एक बटण मिळतं; दिव्याशेजारच्या चिठ्ठीवर पाटीचं नाव लिहिलं की काम झालं. ज्या लाइनीचा दिवा लागला तिच्या नावाने बोलायचं. साधा फोन लावला तर यातलं काही दिसत नाही, म्हणून तिथे काटकसर नको. मर्यादा एकच: पाचवी पाटी आली की पाचवी लाइन, आणि ती घ्यायला यंत्रात जागा हवी.

सुरू करण्याआधी

दोन बाहेरचे मोबाइल घेऊन तक्त्यातली प्रत्येक ओळ वाजवून बघा. ऑफिसच्या वेळेत, वेळेनंतर, रिसेप्शनने न उचलता, आणि दोन पाट्यांना एकाच क्षणी. एकाच क्षणीची चाचणी लोक सोडून देतात आणि नेमकं तिथेच कळतं की दुसरा कॉल आल्यावर पडद्यावर पाटीचं नाव दिसतं की नुसतं "कॉल वेटिंग". शेवटी प्रत्येक पाटीच्या नावाने एक कॉल बाहेर करून समोर कोणता नंबर उमटला ते बघा.

एक्सचेंजचं ५०६० पोर्ट (एसआयपी कॉल आत येण्याचं दार) उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, फोनचे आणि एक्स्टेंशनचे आधीपासूनचे पासवर्ड बदला, आणि लागत नसेल तर आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घ्या. रात्रीत परदेशी कॉलचं बिल चढवणारे चोर अशीच दारं शोधत असतात. एक्सचेंज, स्विच आणि फायबरचा डबा, तिन्ही एकाच यूपीएसवर हवेत. डबा विसरला की बाकीचे दोन चालू राहून उपयोग नाही.

कोणी जागा सोडली तर

हे आधी लिहून ठेवायचं असतं, कारण मोबाइल नंबर कंपनी बदलून बरोबर नेता येतो तसा लँडलाइनचा नेता येत नाही. ट्रंक ज्याच्या नावावर, त्यावरचे सगळे डीआयडी त्याचेच. म्हणून भाड्याच्या करारात एक कलम घाला: जाणाऱ्या पाटीचा डीआयडी पुढचे काही महिने (सहा ठीक) कोणालाही द्यायचा नाही, त्यावर नवीन नंबर सांगणारी टेप वाजेल आणि मग कॉल जाणाऱ्याच्या मोबाइलवर वळेल, त्याचा खर्च तो देईल. मुदत संपल्यावर इनबाउंड रूट पुसा आणि तक्त्यात तारीख टाका. तो डीआयडी नव्याने येणाऱ्या पाटीला द्यायचा असेल तर तिला आधी सांगा की सुरुवातीला जुन्या पाटीचे चार फोन येतील, आणि आखूड नाव बदलायला विसरू नका.